शिंप्याच्या मुलीने ‘धग’ कशी वाचावी?

पत्र : मी एकसष्ट वर्षांची असून दूरध्वनी खात्यातून निवृत्त झाले आहे. माझा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. वडील शिंपी होते. लग्न झाल्यापासून मी डोंबिवलीत राहते. आमच्या वाचकगटामुळे गेल्या पाच महिन्यांत ‘धग’, ‘रणांगण’, ‘बनगरवाडी’, ‘पाचोळा’ आणि ‘कोसला’ या कादंबऱ्या वाचल्या आणि प्रत्येकीविषयी जे वाटले ते वहीत लिहून ठेवले. ‘धग’वर बोलताना वडिलांच्या शिलाई मशीनचा उल्लेख केला, तेव्हा गटातले एक अभ्यासू गृहस्थ म्हणाले, ‘‘हे फार वैयक्तिक झाले, ही काही समीक्षा नव्हे.’’ तेव्हापासून बोलायचा धीर होत नाही. ‘कोसला’ मला आवडली नाही, हे तर मी अजून कोणालाच सांगितलेले नाही. पुढच्या महिन्यात वीस मिनिटे बोलण्याची पाळी माझी आहे. वहीतल्या पानांच्या झेरॉक्स प्रती सोबत जोडल्या आहेत. आधी समीक्षेची पुस्तके वाचावीत, की सरळ नाव मागे घ्यावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

नाव मागे घेऊ नका. समीक्षेची पुस्तके जरूर वाचा, पण ती भाषण झाल्यावर. आधी वाचलीत तर तुमच्या वहीतली वाक्ये तुम्हाला गावंढळ वाटू लागतील, तुम्ही ती खोडाल, आणि त्यांच्या जागी जे लिहाल ते गटातल्या निम्म्या लोकांनी आधीच कुठेतरी वाचलेले असेल. मी सव्वीस वर्षे एका सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलाशी बसले आहे. पुस्तक परत करताना वाचक दोन-तीन वाक्ये बोलून जातात, आणि ‘लेखकाने ग्रामीण जीवनाचे विदारक वास्तव समर्थपणे चित्रित केले आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की ते ऐकताच माझा हात आपोआप तारखेच्या शिक्क्याकडे जात असे.

त्या गृहस्थांचे म्हणणे मात्र मी पूर्णपणे खोडून काढणार नाही. त्यांची बोलण्याची पद्धत चुकली असेल. पण वैयक्तिक ठशांमध्ये दोन जाती असतात आणि तुमच्या वहीत त्या दोन्ही आहेत, काही ठिकाणी तर एकाच वाक्यात. एका जातीचा ठसा कादंबरीतून निघतो, तुमच्या घरी जातो आणि तिथेच बसून राहतो. दुसऱ्या जातीचा तुमच्या घरी जातो, तिथून काहीतरी उचलतो आणि ते घेऊन पुन्हा कादंबरीच्या पानावर येतो. पहिल्या जातीचे ठसे ऐकणाऱ्यांच्या काही कामाचे नसतात, ते तुमच्यापुरते मोलाचे असतात. दुसऱ्या जातीच्या ठशांसाठीच वाचकगट असतात, असे माझे मत आहे.

‘धग’चेच उदाहरण घेऊ, कारण तुमच्या वहीत तिलाच सर्वांत जास्त पाने मिळाली आहेत आणि ते योग्यच आहे. उद्धव शेळके यांची ही कादंबरी १९६० सालची. वऱ्हाडातले शिंप्याचे घर, संसार ओढणारी कौतिक आणि ज्याच्याकडून ओढले जात नाही असा तिचा नवरा महादेव, एवढे गटातल्या प्रत्येकाला माहीत आहे. ते सांगण्यात वीसपैकी एकही मिनिट घालवू नका. तुम्ही वहीत लिहिले आहे : ‘आमच्याकडे मशीनचा आवाज थांबला की आई बोलायची नाही, फक्त भांडी जोरात ठेवायची. बाबा बसून आहेत हे शेजारच्यांना भांड्यांवरून कळायचे.’ हे वाक्य तुमच्या घरचे आहे. इथेच थांबला असतात तर त्या गृहस्थांची तक्रार मी मान्य केली असती. पण पुढच्याच ओळीत तुम्ही म्हणता : ‘शेतमजुराचे रिकामपण घराबाहेर राहते, शिंप्याचे घरात दिसते, कौतिकला कष्टांचा नाही, या दिसण्याचा जाच जास्त आहे.’

ताई, ही समीक्षा आहे. कौतिकच्या सोशिकपणाविषयी, तिच्या जिद्दीविषयी, वऱ्हाडी बोलीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु कारागिराच्या घरचे दारिद्र्य हे भूमिहीनाच्या दारिद्र्याहून वेगळ्या तऱ्हेचे असते, त्यात हत्यार घरातच असते, हुन्नर हातातच असतो आणि तरीही चूल थंड असते, ही गोष्ट तुमच्या लक्षात आली. मशीनवर तेल घालणाऱ्या, काजे-बटणे करून देणाऱ्या, गिऱ्हाइकाकडे थकलेली शिलाई मागायला पाठवल्या गेलेल्या मुलीलाच ती इतकी पटकन दिसते. तेव्हा वडिलांचे मशीन भाषणातून काढू नका. त्याचा उल्लेख दोन वाक्यांत करा आणि तिसऱ्या वाक्यात कौतिककडे परत या.

एका ठिकाणी मात्र मला तुम्हाला अडवायचे आहे. तुम्ही लिहिले आहे की महादेवचे मशीन खिडकीपाशी आहे आणि संध्याकाळी उजेड गेला की काम थांबते. ही खिडकी शेळक्यांची आहे की तुमच्या वडिलांची? प्रत समोर घेऊन पान काढा. सापडली तर पानाचा आकडा वहीत लिहा. न सापडली तर ती वडिलांच्या खात्यावर घाला आणि तसे स्पष्ट सांगा. आठवण फार मायाळूपणे खोटे बोलते. आवडलेल्या पुस्तकात ती आपले सामान नेऊन ठेवते आणि काही महिन्यांनी ते तिथलेच होते असे आपल्याला वाटू लागते. त्या गृहस्थांना ‘वैयक्तिक’ हा शब्द वापरताना कदाचित हीच धास्ती असेल. ती दूर करण्याचा उपाय पानाचा आकडा हाच आहे, स्वतःला पुसून टाकणे हा नव्हे.

गटातल्या चौघांना ‘धग’ची भाषा अवघड गेली आणि तुम्हाला एकटीला गेली नाही, हेही तुम्ही जवळजवळ गुन्हा कबूल केल्यासारखे लिहिले आहे. त्यात संकोच कसला? त्या चौघांना जिथे अडखळायला झाले तिथे तुम्हाला माहेरचा आवाज ऐकू आला. चाळीस वर्षे डोंबिवलीत ‘मला’ आणि ‘कशाला’ म्हणणाऱ्या बाईला छापील पानावर ‘मले’ आणि ‘काहाले’ भेटते, तेव्हा काय होते हे इतरांना कळायला हवे. ते तुम्हीच सांगू शकता.

आता ‘पाचोळा’. रा. रं. बोराडे यांची ही कादंबरी १९७१ सालची, मराठवाड्यातली, आणि योगायोग असा की तीही शिंप्याच्याच घरातली आहे. तुम्ही या दोन्ही वाचल्या आणि दोन्हींवर वेगवेगळी टिपणे केलीत, पण ती शेजारी ठेवून पाहिली नाहीत, याचे मला आश्चर्य वाटले. ‘धग’ची गोष्ट लेखक सांगतो आणि माणसे बोलू लागली की वऱ्हाडी बोलतात. ‘पाचोळा’ मात्र सुरुवातीपासून पार्बती सांगते, तिच्या बोलीत, तिला जेवढे दिसले आणि ऐकू आले तेवढेच. हट्टी, मानी नवऱ्यापायी घराची धूळधाण होते आहे आणि ती रोखणे तिच्या हातात नाही. ती पाहते आणि सांगते. कौतिक धडपडते, पार्बती कथन करते. दोघींपैकी अधिक हतबल कोण, या एका प्रश्नावर तुमची दहा मिनिटे सहज जातील.

तुमच्या वहीतले मला सर्वांत आवडलेले वाक्य याच टिपणात आहे : ‘पार्बती माझ्या आईसारखी बोलते, पण आईला इतके नीट सांगता आले नसते.’ ते तुम्ही पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, कंसात लिहिले आहे. कंस काढून टाका. मराठीत बाईच्या तोंडून सांगितलेल्या कादंबरीची परंपरा जुनी आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधली यमू एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ‘करमणूक’ साप्ताहिकाच्या वाचकांना आपली कहाणी सांगत होती, आणि तीही पुरुषाने लिहिलेली बाई होती. अशा कथनात बोलणारी बाई आणि लिहिणारा पुरुष यांच्यामध्ये एक शिवण असते. चांगल्या लेखकाच्या हातून ती आतल्या बाजूला जाते, एवढेच. तुमच्या वाक्याने नेमके त्या शिवणीवर बोट ठेवले आहे. आईला जे इतके नीट सांगता आले नसते ते पार्बतीला कुठे कुठे सांगता येते, अशा दोन-तीन जागा शोधा. तिथे बोराड्यांचे कसब दिसते, की पार्बतीचा आवाज क्षणभर हरवतो? माझे उत्तर मी तुम्हाला सांगणार नाही, कारण मग तुम्ही तेच वाचून दाखवाल.

‘कोसला’कडे वळू. ती आवडली नाही हे लिहिताना तुम्ही तीनदा क्षमा मागितली आहे. त्याचे कारण नाही. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ मध्ये आली, त्यांना २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या, हे सगळे खरे; परंतु त्यातल्या कोणत्याही गोष्टीमुळे तुमच्यावर ती आवडून घेण्याची सक्ती होत नाही. मीही अनेक वर्षे लोकांना सांगत असे की मी ‘कोसला’ एका रात्रीत वाचून संपवली. पुढे घर बदलताना कॉलेजातली एक वही सापडली आणि तिच्यात माझ्याच अक्षरात लिहिलेले होते की चाळीस पाने वाचून सोडली, नायक पांडुरंग सांगवीकर डोक्यात जातो. एका रात्रीत वाचली ती त्यानंतर काही वर्षांनी, दुसऱ्या खेपेला. पहिली खेप मी सोयीस्करपणे विसरून गेले होते.

पण ‘आवडली नाही’ हे वाक्य अजून मत झालेले नाही, ती तक्रारवहीतली नोंद आहे. तुम्ही कारण दिले आहे : त्या मुलाच्या बोलण्यातले सारखे सारखे येणारे ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’. बरोबर, ते येतात आणि खुपतात. मग पुढे तुम्हीच लिहिता की त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते, ती पाने वाचून तुम्ही पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवले होते. ज्या माणसाचे बोलणे तुम्हाला सोंग वाटत होते त्याच माणसाने तुम्हाला दोन दिवस गप्प केले. या दोन अनुभवांची गाठ तुम्ही घातली नाहीत. एक काम करा : पुण्याच्या वसतिगृहातली कोणतीही दहा पाने घ्या आणि मनीच्या मृत्यूची दहा पाने घ्या. पेन्सिल हातात धरून दोन्हींकडे ‘वगैरे’ मोजा. मोजणी कशीही येवो, ती हाती आल्यावर तुमचा राग नेमका कशावर आहे हे तुम्हाला कळेल. कदाचित तो राग तसाच राहील. मग निर्धास्तपणे सांगा की मला ही कादंबरी आवडली नाही, परंतु अमुक पानांनी मला सोडले नाही. ‘कोसला’वर आंधळे प्रेम करणाऱ्यांपेक्षा असे म्हणणारा वाचक मला जास्त विश्वासाचा वाटतो.

‘रणांगण’विषयी थोडक्यात. विश्राम बेडेकरांची ही छोटी कादंबरी १९३९ ची, म्हणजे ज्या वर्षी दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटले त्याच वर्षीची. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून हाकलली गेलेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची गाठ पडते; मुंबईच्या बंदरात तो उतरतो आणि तिला उतरता येत नाही. तुम्ही लिहिता, ‘चक्रधरचा इतका राग आला की पुस्तक आवडले की नाही हेच ठरवता येईना.’ आमच्या ग्रंथालयाच्या प्रतीत कोणीतरी एका समासात पेन्सिलीने ‘भेकड’ असे लिहून ठेवले होते आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘मग तुम्ही काय केले असते?’ असा प्रश्न होता. नियमाप्रमाणे ते खोडायला हवे होते. मी खोडले नाही. चक्रधर स्वतःच गोष्ट सांगतो आहे आणि तरीही तो स्वतःला वाचवत नाही, हे लक्षात घेतले तर तुमचा राग पुस्तकाविरुद्ध जात नाही, उलट पुस्तकानेच तो तुमच्या हातात दिला आहे असे दिसेल. भाषणात मात्र ही कादंबरी घेऊ नका. ती एकटीच वीस मिनिटे मागेल.

‘बनगरवाडी’च्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. ‘छान आहे, पण काही घडत नाही’ एवढ्या एका ओळीत तुम्ही व्यंकटेश माडगूळकरांना मोकळे केलेत. तुमच्या वहीतले हे एकमेव आळशी वाक्य आहे. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीत एक पोरसवदा मास्तर औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर येतो. शाळेत मुले नाहीत, कारण ती मेंढरांमागे गेली आहेत. वाडीचा म्हातारा कारभारी हळूहळू त्याच्या पाठीशी उभा राहतो, मुले येऊ लागतात, लोकांच्या श्रमातून तालीम उभी राहते, आणि मग पाऊस दगा देतो, मेंढरे मरू लागतात, माणसे एकेक करून वाडी सोडून निघून जातात. एक अख्खे गाव वसते आणि उठते, याहून मोठे काय घडायचे? माडगूळकर आवाज चढवत नाहीत, म्हणून तुम्हाला ते ऐकू आले नाही. कौतिकच्या घरातल्या भांड्यांचा आवाज कानात असताना तुम्ही लगोलग ‘बनगरवाडी’ हातात घेतलीत, हेही एक कारण असेल. तुमच्या नोंदींच्या तारखांवरून या दोन पुस्तकांमध्ये अवघे तीन दिवस गेलेले दिसतात. पुस्तकांमधली रिकामी जागा आपण फार कमी ठेवतो. मे महिन्यात, उन्हाच्या वेळी, ती पुन्हा वाचा.

आता भाषणाच्या तयारीचे. पाच कादंबऱ्यांवर प्रत्येकी चार मिनिटे, असा आराखडा तुम्ही आखला आहे, तो मोडा. चार मिनिटांत लेखकाचे नाव, गोष्ट आणि एक विशेषण यापलीकडे काही बसत नाही. ‘धग’ आणि ‘पाचोळा’ या दोनच घ्या. ‘शिंप्याचे घर : दोन कादंबऱ्या’ असे साधे शीर्षक पुरेल. बाकीच्या तिघींचा उल्लेखही नको. कोणी विचारलेच तर वही आहे. लिहून काढणार असाल तर संथपणे वाचताना वीस मिनिटांत दोन हजारांच्या आसपास शब्द जातात, त्याहून जास्त लिहू नका. ‘हृदयस्पर्शी’, ‘ओघवती’, ‘दाहक’ हे शब्द आले की ते खोडून त्या जागी ज्या प्रसंगाने तसे वाटले तो प्रसंग ठेवा. प्रस्तावना आणि मलपृष्ठावरचा मजकूर भाषण लिहून होईपर्यंत वाचू नका. वाचला असेल तर त्यातला एकही शब्द उसना घेऊ नका.

आणि त्या अभ्यासू गृहस्थांना टाळू नका. सभेच्या आठवडाभर आधी त्यांच्याकडे जा आणि तुमची कारागिराच्या घराविषयीची कल्पना त्यांच्यापुढे मांडा. समीक्षा वाचलेल्या माणसाचा उपयोग इथे असतो. या मुद्द्यावर आधी कोणी लिहिले असेल तर ते सांगतील. तुम्ही एखाद्या पानाचा अर्थ ओढूनताणून लावला असेल तर तेही दाखवतील. कदाचित पुन्हा ‘वैयक्तिक’ म्हणतील. तेव्हा पुस्तक उघडून पान पुढे करा आणि ते काय वाचतात ते ऐका. त्यांनाही तिथे काही दिसले, तर वाद संपला. नाही दिसले, तर तुमच्या भाषणाला एक चांगला प्रश्न मिळाला.

शेवटी एक विनंती आहे. भाषणात ‘धग’मधला एखादा संवाद मोठ्याने वाचून दाखवा. निवडताना आठ-दहा ओळींचाच निवडा, आणि तो वाचताना डोंबिवलीची मराठी बाजूला ठेवून तुमच्या गावच्या सुरात वाचा. अर्थ कळला नाही असे कोणी म्हणाले तर भाषांतर न करता तीच ओळ पुन्हा एकदा, थोडी सावकाश वाचा. छापील बोली पाहून अडखळलेल्या त्या चौघांनी ती अजून कानाने ऐकलेली नाही.

त्या खिडकीचे पान सापडले की नाही, ते मात्र कळवा.